खाऱ्या पाण्यानं धुतलेली गाडी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या जुन्या गाडीचा मागच्या चाकावरचा पत्रा मी अंगठ्यानं दाबून पाहिला आणि अंगठा आत गेला. जोर लावला नव्हता. वरचा निळा रंग शाबूत होता, पुसून चकचकीत केलेला होता, आणि त्याच्या खाली पत्राच उरलेला नव्हता. तपकिरी भुगा माझ्या मनगटावर सांडला. मी हातभर बाजूला दाबून पाहिलं. तिथंही तेच.

वडील माझ्या मागे उभे होते. मी वळून त्यांच्यावर ओरडलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसावर, त्याच्याच अंगणात.

"काय केलं तुमी हिचं एवढी वर्षं?"

"धुतली," ते म्हणाले.

"कायनं धुतली?"

"पाण्यानं. आनखी कायनं धुतात?"

"कोनत्या पाण्यानं, बाबा?"

"बोअरच्या. दर गुरुवारी. तूच सांगतलं होतं ना, मास्तर."

मला नोकरी लागली तेव्हापासून ते मला मास्तर म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला अजून कळलेलं नाही.

आमचं गाव शेगावच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात आहे. तिथं जमिनीतलं पाणी खारट लागतं. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही आणि लोखंडी बादली दोन पावसाळे टिकत नाही. पिण्याचं पाणी नळाला येतं, पण आठ-दहा दिवसांतून कधीतरी. हे तिथल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. मी तिथंच जन्मलो आणि गेली सव्वीस वर्षं घाटावर, बुलढाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी मी तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवतो. एक कोरड्या हवेत, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात. चौथ्या दिवशी मुलांना विचारतो, कोणता खिळा जास्त गंजला आणि का. त्याच मी अकरा वर्षांपूर्वी वडिलांना फोनवर सांगितलं होतं की गाडी नुसती उभी आहे तर आठवड्यातून एकदा धूत जा, म्हणजे गंज चढणार नाही. बोलताना माझ्या डोळ्यांपुढं माझ्या घरचा नळ होता.

गाडी म्हणजे मेटॅडोर. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. जिल्ह्यातले आठवडी बाजार आणि जत्रा हा त्यांचा कामाचा रस्ता होता. सुरुवातीला सायकलवर जायचे, मग ही गाडी घेतली, जुनीच. आतलं सगळं त्यांनी स्वतः बांधलं. चालकाच्या मागे डाव्या अंगाला सागवानी मेज, त्याला बावीस खण. एकात शटल, एकात बॉबिन, एकात चामडी पट्ट्याचे तुकडे, असं. मेजासमोरचा पत्रा कापून त्यांनी वर उघडणारी झडप केली होती. ती उचलून टेकू लावला की बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला सावली मिळायची. मेजाच्या मागे झोपायची फळी, दिवसा बिजागरीवर उभी करून ठेवायची. तिच्याखाली पाण्याची टाकी आणि स्टोव्हची पेटी. छताला एक गोल झरोका. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं त्या गाडीत राहायचो. आई फळीवर, मी खाली दोन पोत्यांवर, वडील बाहेर मोठ्या सतरंजीवर. लोणारला आठ दिवस, मग आणखी कुठं. हल्ली मोबाइलवर परदेशातली जोडपी अशा गाड्या सजवताना दिसतात. त्यांना लाखो लोक बघतात. माझ्या वडिलांनी ते काम चाळीस वर्षांपूर्वी एका पान्यावर आणि एका करवतीवर केलं, आणि मला त्याची लाज वाटायची.

लाज वाटायची हे लिहून मोकळा होत नाही, कारण मी त्या लाजेपायी काय केलं ते सांगायचं राहतं. माझं लग्न चिखलीला झालं. सासरे तालुक्याच्या कचेरीत होते. लग्नाच्या दोन दिवस आधी मी वडिलांना म्हटलं, गाडी मंगल कार्यालयाच्या दारात आणू नका, तिच्यावर 'सर्व प्रकारच्या मशीन दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलेलं आहे. त्यांनी गाडी बसस्टँडमागे लावली आणि आई, वडील, दोन मावश्या आहेराचे खोके डोक्यावर घेऊन मे महिन्याच्या उन्हात चालत आले. आईची पावलं पोळली होती. ती दिवसभर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि लोकांना वाटलं, पोराच्या लग्नाच्या आनंदात आहे. मी हे बायकोला वीस वर्षांनी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ती गाडी मला दिसली असती तर मी काय मांडवातून उठून गेले असते?" आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

आई गेली. वडिलांना काचबिंदू झाला आणि त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून सोडलं. तेव्हा मी म्हटलं होतं, मी ही बुलढाण्याला नेतो, घरामागे शेड टाकून नीट करतो, मग आपण हिच्यातून फिरू. त्या दिवशी तो शब्द मी खरंच मनापासून दिला होता. नंतर दरवर्षी दिवाळीत पुढच्या उन्हाळ्याचं सांगितलं आणि उन्हाळ्यात दिवाळीचं. दोन परीक्षा, एक घरभरणी, एक बदलीची भानगड, मुलीचं कॉलेज. कारणं सगळी खरी होती, म्हणून तर ती पुन्हा पुन्हा वापरता आली.

त्या दिवशी अंगणात मी पुढं जे विचारलं ते विचारायला नको होतं.

"खाऱ्या पाण्यानं लोखंड सडते, हे तुमाले ठाऊक नाई का?"

"ठाऊक हाय ना. बकेटा सडते, मोटारीचा पाइप सडते. गाडी नाई सडन का?"

"मंग काऊन धुतली?"

"तू सांगतलं. म्हटलं, मास्तर हाय, शिकेल हाय. गाडीच्या पत्र्याचं काही येगळं असन."

मला इतका संताप आला की मी गाडीला लाथ मारली. मडगार्डचा तुकडा गळून पडला. वडिलांनी वाकून, चाचपडत, तो शोधला आणि फडक्यानं पुसून ओट्यावर ठेवला. ज्या माणसानं आयुष्यभर लोखंड हाताळलं, त्यानं आपल्या डोळ्यांदेखत ते सडू दिलं, कारण पोरानं फोनवर सांगितलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की त्यांनी मला एकदा खडसवायला हवं होतं. बे गाढवा, अथी पाणी कसं हाय ठाऊक नाई का तुले, असं एक वाक्य. अकरा वर्षांत एक वाक्य. त्याऐवजी त्यांनी पाचशे-साडेपाचशे गुरुवार बादल्या वाहिल्या.

इंजिनाबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या पद्धतीनं सांभाळलं होतं, महिन्यातून एकदा हातानं फिरवून, तेल घालून, त्याच्या हवा घ्यायच्या तोंडाला फडकं बांधून. बॅटरी जोडली तेव्हा ते तिसऱ्या प्रयत्नात चालू झालं. माझ्या सल्ल्यानं जे सांभाळलं ते गेलं होतं.

त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. एकदा त्या मेजावर, पिंपळगाव राजाच्या बाजारात बसायचं होतं. तिथं त्यांचं ठरलेलं ठिकाण होतं आणि सगळ्यात जास्त काम तिथंच मिळायचं. नजर उरली आहे तोवर जायचं, एवढंच. बुलढाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता ते नळीतून पाहिल्यासारखं बघतात आणि नळी बारीक होत चालली आहे. मी ते वडिलांपासून लपवलं. त्यांनी ते माझ्यापासून लपवलं होतं. खण उघडताना त्यांचा हात आधी जातो आणि मान मागून वळते, हे मी मागच्या वर्षीच पाहिलं होतं.

म्हणून मी आलेखाची वही काढली आणि योजना करायला बसलो. मला योजना चांगली करता येते. शाळेतलं विज्ञान प्रदर्शन, सहल, सगळं माझ्याकडेच असतं. पहिल्या पानावर गाडी वरून, दुसऱ्यावर बाजूनं, एका चौकोनाला दहा सेंटिमीटर. लाल रंगानं सडलेला पत्रा, हिरव्यानं चांगला. तिसऱ्या पानापासून कामांचा क्रम: आधी आतलं लाकूड सोडवायचं, काचा आणि रबर काढायचं, मग पत्रा कापून नवा जोडायचा, लाल ऑक्साइड, पुट्टी, रंग, वायरिंग, शेवटी कागदपत्रं आणि पासिंग. दिवाळीला सुरुवात, उन्हाळ्याच्या सुट्टीत शेवट. शेड माझ्या घरामागे, प्राजक्ताच्या झाडापर्यंत.

इथवर ठीक होतं. पण मग मी ते व्हिडिओ पाहायला लागलो आणि वहीत नवी पानं आली. फळीच्या जागी गादीचा सोफा, तो उलगडला की पलंग. छोटं बेसिन. छतावर सोलर, त्यावर पंखा. मेज मी कागदावर अर्धं कापलं होतं, बेसिन बसत नव्हतं म्हणून. सातव्या पानावर मी पडद्याचा रंगसुद्धा लिहिला होता. बायकोनं वही चाळली.

"यात बाबा कुठं बसतात?" तिनं विचारलं.

मी सोफ्यावर बोट ठेवलं.

"आणि मशीन?"

मी वही ओढून घेतली आणि तिला म्हणालो की तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, "नाहीच कळत. मी फक्त विचारलं." आज ती पानं बघितली की माझ्याच कानाखाली ओढावीशी वाटते. बापाची गाडी दुरुस्त करायला बसलो होतो आणि तिच्यातून बापालाच काढून टाकलं होतं.

डिसेंबरात खामगावहून बॉडीचं काम करणारा मिस्तरी आणला. चाळिशीचा, बोलका, खिशात छोटी हातोडी. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, मग हातोडीनं वाजवत दुसरी. टण, टण, टण, थप. थप, थप. वडील त्याच्या मागे कान देऊन चालत होते आणि थप वाजलं की मान हलवत होते.

"सर, हे गाडी नाई राह्यली," तो म्हणाला. "हे पापड हाय. रंगाचा पापड."

"दुरुस्त होईल का?"

"सगळं होते. माणूस पाह्यजे अन् टाइम पाह्यजे."

"मी बुलढाण्याला नेणार आहे. घरी शेड टाकतोय."

तो खाली झोपला, चेसिस वाजवली आणि तिथूनच बोलला. "बुलढाण्याले? बोथ्याच्या घाटात समोरचा भाग तुमच्यासंग येईन अन् मागचा मले खामगावात भेटन. हे हालवू नका. जे करायचं ते अथीच करा, या अंगणात."

वडील हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मिस्तरी बाहेर आला, अंग झटकलं आणि त्यांच्याकडे वळला.

"काका, काय केलं तुमी? समुद्रात उभी केलती का?"

मी खाली पाहिलं. आता ते सांगतील, मास्तरनं सांगतलं होतं, असं वाटलं. वडील म्हणाले, "जुनी झाली रे बाप्पा. जुनं झालं का होते तसंच."

त्यांनी मला वाचवलं याचा मला त्या क्षणी राग आला. एका अनोळखी माणसासमोर माझी अब्रू झाकायची काही गरज नव्हती. मी स्वतःहून बोलायला हवं होतं. बोललो नाही.

जाताना मिस्तरीनं एक गोष्ट निक्षून सांगितली. पत्र्याच्या घड्यांत, सांध्यांत, चॅनेलच्या आत खार साचला आहे. तो धुऊन निघाल्याशिवाय वेल्डिंग करायचं नाही, नाहीतर नव्या पत्र्यालाही फोड येतील. गोड्या पाण्यानं आतून बाहेरून धुवा, वाळू द्या, परत धुवा. असं पाच-सहा वेळा. मग मला फोन करा. आणि एकूण काम पुढच्या दिवाळीपर्यंत तरी जाईल, कारण तुम्ही फक्त रविवारी येणार.

मी वहीतलं उन्हाळ्याचं वेळापत्रक खोडलं आणि कामाला लागलो. दर रविवारी माझ्या कारमध्ये घरच्या नळाचे पाच मोठे कॅन भरायचे, बोथ्याच्या जंगलातून घाट उतरायचा, खामगाव ओलांडून गावी जायचं, फवारणीच्या हातपंपानं पत्र्याच्या पोकळ्यांत पाणी मारायचं. खालून निघणारं पाणी आधी चहासारखं यायचं. मी ते बोटावर घेऊन चाखायचो. खारट. पुढच्या रविवारी कमी खारट. मला त्या कामात सुख वाटायला लागलं होतं, आणि तेच मला खटकायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी मी कॅन उतरवत असताना वडील घरातून तांब्या घेऊन आले. एका कॅनचं झाकण उघडलं, तांब्या भरला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. परत भरला.

"गोडं हाय," ते म्हणाले. "याचा चहा चांगला होईन."

"बाबा, तुमाले प्यायले येगळं आणतो ना."

"आण ना. गाडीले आणून राह्यला, मले आणलं तर म्या काय नाई म्हणतो?"

आवाज चढलेला नव्हता. तांब्या घेऊन ते आत गेले आणि चहा टाकला. मी अंगणात उभा राहिलो. सव्वीस वर्षं मी त्या गावी जात होतो. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. सणाला मिठाई न्यायचो, औषधं न्यायचो, एकदा मोबाइल नेला. नळ आठ-आठ दिवस येत नाही, मग ते रांजणात बोअरचं मिसळून पितात, हे मला माहीत होतं. त्यांचा चहा मी स्वतः प्यायचो आणि अर्धा ठेवायचो. कारच्या डिकीत एक कॅन टाकायला काय लागत होतं? हा प्रश्न मला सुचला नाही. गाडीसाठी सुचला. पत्र्याला खार लागतो म्हणून मी पंचवीस कोस पाणी वाहिलं, आणि ज्याच्या पोटात तोच खार जात होता तो माणूस ओट्यावर बसून माझं कौतुक बघत होता.

चहा घेताना मी त्यांना परत तेच विचारलं, या वेळी न ओरडता. "खरं सांगा. गाडी सडून राह्यली हे दिसत होतं तुमाले. धुनं बंद काऊन नाई केलं?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "बंद केलं असतं अन् तू विचारलं असतं, काऊन धुतली नाई, तर काय सांगतलं असतं? तुह्या सांगण्यात चूक हाय म्हणू? मंग तू म्हटलं असतं, जाऊ द्या, इकून टाका. धूत होतो तोवर तुह्यं येणं बाकी होतं."

मी असंच म्हटलं असतं. इतकी वर्षं मी सुटायला कारण शोधत होतो, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

मग त्यांनी कप खाली ठेवला. "माह्यं आयक आता. मेज काढ."

"मेज क्रमानं काढायचंच आहे, वहीत लिहिलंय. पण आधी..."

"वही ठेव बाजूले. मेज काढ अन् भाजीवाल्याच्या पिकअपवर ठेव. येत्या बाजारी तो पिंपळगावले जाऊन राह्यला. म्या बोलून ठेवलं त्याच्यासंग."

शेजारचा भाजीवाला पिकअपमधून वांगी, कोथिंबीर घेऊन बाजाराला जातो. वडिलांनी त्याच्याशी आधीच ठरवलं होतं. माझ्याशिवाय. मी भडकलो. म्हणालो की हे असं अर्धवट करायचं नाही, एवढं काम चाललंय ते कशासाठी, एक वर्ष थांबा, गाडी तयार होईल, तुम्हाला तुमच्या झडपेखाली बसवतो. पिकअपच्या मागे मेज टाकून जाणं म्हणजे भंगारवाल्यासारखं दिसतं. हा शेवटचा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मला लग्नाच्या दोन दिवस आधीचा माझा आवाज ऐकू आला.

त्यांनाही आला असावा. ते उठले. त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा चढा आवाज ऐकला.

"तुले काय वाटते, म्या गाडीसाठी थांबलो का? मले बाजारात बसाचं हाय बे. गाडी तुले पाह्यजे. तू दुरुस्त कर, तुह्यं मन भरेपर्यंत कर, म्या नाई म्हनत नाई. पण माह्ये डोये तुह्या दिवाळीपर्यंत थांबनार नाईत. काढतो का मेज, का त्या भाजीवाल्या पोराले बोलावू?"

मी पान्यांची पेटी आणली.

मेज अकरा बोल्टांवर होतं. नऊ सुटले, दोन गंजून एकजीव झाले होते, ते कापावे लागले. खालचा पत्रा बोल्टांसकट निघून आला आणि त्या जागी गाडीला खिडकीएवढं भोक पडलं. वडील मेजाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. सागवान जसंच्या तसं होतं. त्यांनी एकेक खण ओढून बघितला, आत हात फिरवला आणि परत लावला. मला कुठल्या खणात काय आहे ते एकाचंही सांगता आलं नसतं.

बाजाराच्या दिवशी मी शाळेतून रजा काढली. त्या दिवशी भाजीवाला वडिलांना म्हणाला, "काका, पुढं बसा. मास्तरले मागं टाकू कोथिंबिरीत." वडील म्हणाले, "बसू दे. त्याले वास तरी चांगला लागन." मी मागे मेज धरून बसलो. कॅनभर गोडं पाणी बरोबर घेतलं होतं.

पिंपळगावात त्यांची जुनी जागा राहिली नव्हती. तिथं आता चपलांचा तंबू होता. चपलावाल्यानं आधी नाही म्हटलं, मग एका बाजूनं ताडपत्री सोडली आणि मेज कसंबसं बसलं. दीड-दोन तास कुणी आलं नाही. लोक बघायचे, जायचे. मी घड्याळ पाहत होतो, त्यांना वाईट वाटत असेल या विचारानं चिडत होतो, बाजारावर, लोकांवर, तयार कपड्यांच्या दुकानांवर. ते मेजावर हात ठेवून बसले होते आणि चपलावाल्याशी पावसाविषयी बोलत होते.

मग साठीची एक बाई आली, जाडजूड, तोंडात पान. मेजाकडे बघत उभी राहिली.

"तुमी निळी गाडीवाले ना?"

"हाव."

"म्या म्हटलं मेले असन."

"म्हनाले काय जाते," वडील म्हणाले. "मशीन कोनती हाय?"

"पायाची. टाका सोडून राह्यली. गाडी कुठं गेली तुमची?"

वडिलांनी माझ्याकडे मान केली. "घरी हाय. हा माह्या पोरगा हाय, मास्तर. तो दुरुस्त करून राह्यला."

बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं हाय," म्हणाली आणि मशीन आणायला गेली. मला सांगावंसं वाटलं की मी सडवली. सगळ्या बाजाराला ओरडून सांगावंसं वाटलं. ते ऐकून कुणाला काय मिळणार होतं, मी तेवढा मोकळा झालो असतो.

अर्ध्या तासानं तिचा जावई चादरीत गुंडाळलेलं मशीनचं डोकं घेऊन आला. वडिलांनी ते मेजावर आडवं केलं, खालची पट्टी सरकवली, शटल काढलं आणि बोटाच्या पेरावर घासून पाहिलं. डोळे भलतीकडेच होते. तिसऱ्या रांगेतला डावीकडून दुसरा खण उघडला, न चाचपडता. नवं शटल बसवलं, चाक फिरवून पाहिलं, कान लावला. मग सुईत दोरा घालायची वेळ आली. एकदा केलं, दोनदा केलं. दोरा सुईच्या बाजूनं जात होता.

"ओव," ते मला म्हणाले.

मी वाकलो. माझा जवळचा चष्मा कारमध्ये राहिला होता आणि कार गावात. मी डोळे बारीक केले, दोरा ओला केला, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. बाईनं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं, माझ्या हातातून दोरा काढून घेतला आणि एका झटक्यात ओवला.

"मास्तर हाय म्हणे," ती म्हणाली.

वडिलांनी चिंधीचा तुकडा सुईच्या दाबपायाखाली सरकवला आणि हातानं चाक फिरवायला लागले. पहिले चार टाके बरोबर आले, पाचवा सुटला. त्यांनी मान तिरकी केली, पेचकस घेतला आणि ताणाचा स्क्रू किंचित फिरवला.

"बाजूले हो," ते मान वर न करता म्हणाले. "उजेड आडवून राह्यला."

मी ताडपत्रीच्या बाहेर, उन्हात जाऊन उभा राहिलो.